बर्फावरची गाडी आणि तिला वाहणारी गाडी

उत्तर अमेरिकेंतील हिंवाळा हा तेथील माणसांचा जितका शत्रु, तितकाच मित्रही आहे. कॅनडांतील क्वेबेक व ओंटॅरिओ हे प्रांत आणि संयुक्त संस्थानांतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन व मिशिगन हीं राज्यें, ह्या सर्व टापूंत वर्षांतले कित्येक महिने जमीन बर्फाखालीं झांकलेली असते. खोल व भुसभुशीत बर्फांत चाकाचें कांहीं चालत नाहीं. तें रुततें आणि जागच्या जागीं फिरत राहतें. म्हणून तेथील कारागिरांनीं पुढें दोन घसरपट्ट्या, म्हणजे स्की, आणि मागें चाकांऐवजीं फिरता पट्टा असलेली एक गाडी निर्माण केली. तिला स्नोमोबाइल म्हणतात. विस्कॉन्सिन राज्यांतील सेनर ह्या लहानशा गांवीं कार्ल एलिआसन ह्यांनीं १९२४ सालीं मोटार बसविलेली अशी एक घसरगाडी तयार केली होती.

ह्या यंत्राच्या इतिहासांत दुसरें एक नांव अधिक प्रसिद्ध आहे, व त्यामागची हकीकत करुण आहे. क्वेबेक प्रांतांतील व्हॅलकोर्ट गांवचे जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए हे मोटारदुरुस्तीचा धंदा करीत. १९३४ च्या हिंवाळ्यांत त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आंत्रपुच्छाच्या विकारानें आजारी पडला. रस्ते बर्फानें बुजलेले असल्यामुळें त्याला रुग्णालयापर्यंत नेतां आलें नाहीं, आणि मूल दगावलें. बर्फावरून धांवणाऱ्या गाडीचे प्रयोग त्यांनीं पूर्वींपासूनच चालविले होते. ते त्यांनीं नेटानें पुढें नेले व १९३७ सालीं दांतेदार चाक आणि रबरी पट्टा ह्यांच्या योजनेचें पेटंट मिळविलें. पुढें १९४८ सालीं क्वेबेक सरकारानें खेड्यांतले रस्तेही हिंवाळ्यांत मोकळे ठेवण्याची व्यवस्था केली. त्याबरोबर त्यांच्या मोठ्या गाड्यांची गरज ओसरली. अखेर १९५९ सालीं त्यांनीं ‘स्की-डू’ ही एकट्या-दुकट्यानें बसावयाची हलकी गाडी बाजारांत आणली, आणि स्नोमोबाइल हें गरजेच्या वाहनाबरोबरच हौसेचेंही वाहन बनलें.

येथें काळानें एक गंमत केली आहे. रस्ते बर्फानें बंद होत म्हणून जी गाडी जन्मास आली, तीच आतां साफ केलेल्या रस्त्यावरून दुसऱ्या गाडीवर बसून प्रवास करते. कारण उघड आहे. स्नोमोबाइल फिरविण्याच्या वाटा रानावनांतून आणि गोठलेल्या सरोवरांवरून जातात, व त्या शहरांपासून शेंकडों किलोमीटर दूर असतात. मधला रस्ता डांबरी, आणि बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकून मोकळा ठेवलेला. त्यावर ह्या यंत्राच्या स्की घांसून खराब होतील आणि बर्फाच्या थंडाव्याअभावीं पट्ट्याचे आंतले भाग तापून झिजतील. म्हणून तिला ट्रेलरवर चढवून न्यावें लागतें. ज्या घरीं अशी गाडी आहे, त्या घरीं बहुधा ट्रेलरही असतो. गाडीची निगा सारेच ठेवतात. ट्रेलरच्या तळाकडे मात्र, त्यांतून पाय खालीं जाईपर्यंत, फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं.

ट्रेलर दोन तऱ्हांचे असतात. एक उघडा, म्हणजे चाकांवरचा नुसता चौथरा. दुसरा बंदिस्त, मोठ्या पेटीसारखा, ज्याचें मागचें दार खालीं पाडलें कीं तेंच चढणीचा फळा होतें. पुष्कळ ट्रेलरांचा तळ प्लायवुडचा असतो, व त्याची जाडी बहुधा पाऊण इंच, म्हणजे सुमारें १९ मिलिमीटर असते. एका स्नोमोबाइलचें वजन पेट्रोलसकट अडीचशें ते तीनशें किलोंच्या घरांत जातें. दोन गाड्या चढविल्या कीं अर्ध्या टनाहून अधिक भार ह्या पातळ तळावर येतो. तळाचें काम एवढ्यानें संपत नाहीं. पुष्कळ उघड्या ट्रेलरांत स्कींवरून एक आडवी दांडी टाकतात आणि ती तळांतून आरपार गेलेल्या बोल्टानें आवळतात. मागची बाजू ज्या कड्यांना बांधतात, त्यांतल्याही कांहीं कड्या तळासच बसविलेल्या असतात. हमरस्त्यावरून गाडी भरधांव चालली असतां त्या अडीचशें किलोंना जागेवर धरून ठेवणारा अखेरचा आधार म्हणजे बोल्टाभोंवतींचें बोटभर लांकूड होय. तें कुजलेलें असेल तर तो बोल्ट ओल्या मातींत रोवलेल्या खुंटीसारखा समजावा. मागून येणाऱ्या मोटारींतल्या माणसांचा जीवही त्या खुंटीवर टांगलेला असतो. तेव्हां ह्या तळाचें रक्षण हा केवळ काटकसरीचा प्रश्न नाहीं.

ह्या तळाचे शत्रु दोन. पहिला शत्रु धातु, दुसरा पाणी. पहिला दिसतो, दुसरा दिसत नाहीं.

स्नोमोबाइलच्या प्रत्येक स्कीच्या खालीं मध्यभागीं पोलादाची एक लांब सळई असते व तिच्या धारेंत टंग्स्टन कार्बाइडचे तुकडे बसविलेले असतात. वळतांना कठीण बर्फांत हीच धार रुतते आणि गाडीला वळण घेतां येतें. टंग्स्टन कार्बाइड हा पदार्थ खडक फोडण्याच्या गिरमिटांना लावतात; कठीणपणांत तो हिऱ्याच्या फार मागें नाहीं. ह्याशिवाय गोठलेल्या सरोवरांवर वेगानें धांवणाऱ्या गाड्यांच्या रबरी पट्ट्यांत शंभर-दीडशें टोंकदार खिळे बसविण्याची चाल आहे, आणि त्यांचीं टोंकेंही कार्बाइडचीं असतात. ह्या खिळ्यांचा मारा किती कडक असतो हें एवढ्यावरून कळेल कीं, फरसबंदी केलेल्या सार्वजनिक पायवाटांवर अशा खिळ्यांच्या गाड्या नेण्यास मिनेसोटा राज्यानें कायद्यानें मनाई केली आहे. जेथें डांबर टिकत नाहीं, तेथें प्लायवुडचा पाड काय? गाडी चढतांना कार्बाइडची धार लांकडावर नांगराच्या फाळाप्रमाणें चर पाडीत जाते. चालकानें जरा जोरानें यंत्र चालविलें कीं पट्टा जागीं फिरतो, आणि खिळे तळाचा भुगा उडवितात.

पण हे चर स्वतः तळ मोडीत नाहींत. प्लायवुड हें लांकडाचे पातळ पापुद्रे उभे-आडवे चिकटवून केलेलें असतें. त्यांतला वरचा पापुद्रा फाटला तरी बाकीचे भार सोसतात. खरें नुकसान होतें तें असें कीं, वरचा रंग किंवा लेप फाटतो आणि दुसऱ्या शत्रूला दार उघडें होतें. दिवसभर फिरून आलेल्या गाडीच्या पोटाखालीं आणि पट्ट्यांत खूप बर्फ अडकलेला असतो. तो ट्रेलरमध्यें वितळतो. रस्त्यावरचें खारें पाणी चाकांनीं उडून खालून व मागून येतें. हें पाणी चरांतून, स्क्रूंच्या छिद्रांतून आणि विशेषतः प्लायवुडच्या उघड्या कडांतून आंत शिरतें, कारण लांकूड कापलेल्या तोंडाकडूनच सर्वांत लवकर पाणी पितें. रात्रीं तें गोठतें. गोठतांना पाणी सुमारें ९ टक्के फुगतें, त्यामुळें पापुद्र्यांतील फटी रुंदावतात. दुसऱ्या दिवशीं त्या फटींत आणखी पाणी जातें. रस्त्यावर टाकलेल्या क्षारांत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड असेल तर संकट दुणावतें. हे क्षार हवेंतली ओल ओढून घेतात, म्हणून त्यांनीं भिजलेलें लांकूड लवकर सुकत नाहीं. खालचे स्क्रू आणि बोल्ट त्याच खाऱ्या ओलींत गंजत राहतात.

आतां ह्यांतील एक गोष्ट मुद्दाम ध्यानांत घेण्यासारखी आहे. तळ फाटतो हिंवाळ्यांत, पण कुजतो उन्हाळ्यांत. लांकूड कुजविणारी बुरशी गोठणबिंदूच्या आसपास जवळजवळ निद्रिस्त असते. सुमारें १० ते ३५ अंश सेल्सिअसमध्यें ती जोमानें वाढते. तिला लांकडांत ओलही भरपूर लागते. लांकडाच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून कमी ओल असेल तर कुजण्याची क्रिया चालत नाहीं. ३० टक्क्यांच्या आसपास किंवा वर गेली कीं तिचें फावतें. ह्याचा अर्थ असा कीं, मार्च-एप्रिलमध्यें गाडी उतरवून ट्रेलर जो घराच्या मागें उभा राहतो, तो जर ओला उभा राहिला, तर हिंवाळ्यानें उघडलेल्या दारांतून उन्हाळा आपलें काम उरकून घेतो. धन्याची नजर चुकलेली असते, आणि डिसेंबरांत पहिला बर्फ पडल्यावर त्याला तळ मऊ झालेला आढळतो. मग दोष थंडीला दिला जातो.

हा रोग समजला म्हणजे सर्वसाधारणपणें केले जाणारे उपाय कोठें चुकतात हें सहज दिसतें. पहिला विचार मनांत येतो तो तळ अधिक कठीण करण्याचा. तळावर जाड रंग, एपॉक्सी किंवा पॉलियुरिया नांवाचा फवारून बसविण्याचा चिवट लेप देतात. पाण्यापासून रक्षण करण्यास हे लेप चांगले आहेत. पण कार्बाइडच्या धारेपुढें त्यांचा टिकाव लागत नाहीं. आणि लेप एकदां कापला गेला म्हणजे आंत गेलेल्या पाण्यास तोच लेप बाहेर येऊं देत नाहीं. दुसरा विचार येतो तो सगळा तळ रबरी चटयांनीं झांकून टाकण्याचा. रबर मार सोसतें हें खरें. पण त्यावर स्की घसरत नाहींत, कार्बाइड त्यांत रुततें, आणि गाडी चढवितांना चटईच पुढें ढकलली जाते. शिवाय तिच्याखालीं सांचलेलें पाणी महिनेच्या महिने तसेंच राहतें. रक्षणासाठीं पांघरलेली चटई अशा वेळीं बुरशीची गादी होते. अॅल्युमिनियमचा तळ केला तर तो कुजणार नाहीं. परंतु ओला झाला म्हणजे तो निसरडा होतो, आणि चर त्यालाही पडतातच.

खरा मार्ग निराळा आहे, आणि तो आपल्या खेडुतांना परका नाहीं. बैलाच्या पायास नाल ठोकतात ती खूर कठीण व्हावें म्हणून नव्हे. खुराऐवजीं नाल झिजावी म्हणून. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धांवही चाकाच्या वतीनें झिजते, आणि झिजली कीं बदलतात. ट्रेलरच्या तळालाही असेंच कांहींतरी हवें, जें मुख्य तळाऐवजीं मार खाईल व मोडलें म्हणजे स्क्रू काढून सहज बदलतां येईल. तें तळभर पसरण्याचेंही कारण नाहीं. गाडी नेहमीं त्याच रेषांवरून आंत शिरते. तेव्हां त्या रेषांपुरतीच नाल बसविली म्हणजे पुरे.

ह्या रेषा तीन. बाजूच्या दोन स्कींच्या आणि मधली रबरी पट्ट्याची. त्यांच्या गरजा परस्परविरुद्ध आहेत, ह्यांतच सारी खुबी आहे. स्कीला खालीं गुळगुळीत पाहिजे, म्हणजे ती घसरत पुढें जाईल. पट्ट्याला खालीं खरबरीत पाहिजे, म्हणजे त्याला गाडी रेटतां येईल. एकाच आवरणानें दोघांचें समाधान होत नाहीं. म्हणून स्कींच्या वाटेवर कठीण पॉलिएथिलीनच्या लांब पट्ट्या आणि मधल्या वाटेवर रबर किंवा आडव्या बारीक पट्ट्या, ही योजना सर्वांत समाधानकारक ठरली आहे. वाटांतील अंतर मात्र गाडी पाहूनच ठरवावें. साध्या वाटांवर धांवणाऱ्या गाड्यांच्या दोन स्कींत मध्यापासून मध्यापर्यंत सुमारें १०७ सेंटिमीटर अंतर असतें. डोंगरांतील खोल बर्फासाठीं केलेल्या गाड्यांत तें बरेंच कमी असतें. म्हणून पट्ट्या ठोकण्यापूर्वीं गाडी एकदां आंत उभी करून खडूनें खुणा करणें बरें.

पॉलिएथिलीन हें निवडण्यास कारण आहे. तें तेलकट वाटावें इतकें घसरडें असतें, पाणी पीत नाहीं, आणि कडाक्याच्या थंडींतही ठिसूळ होत नाहीं. पॉलिप्रॉपिलीनसारखीं दिसण्यांत त्याच जातीचीं प्लॅस्टिकें शून्य अंशाच्या आसपासच तडकूं लागतात. तेव्हां केवळ स्वस्त मिळतें म्हणून कोणतेंही प्लॅस्टिक घेऊं नये. पण पॉलिएथिलीनचाही एक स्वभाव सांभाळावा लागतो. उष्णतेनें तें लांकडाच्या किंवा लोखंडाच्या मानानें कितीतरी अधिक लांबतें. मिनेसोटाच्या हिंवाळ्यांत पारा शून्याखालीं ३० अंशांपर्यंत जातो आणि उन्हाळ्यांत शून्यावर ३० अंशांपर्यंत चढतो. साठ अंशांच्या ह्या फरकांत अडीच मीटर लांबीची पट्टी दोन सेंटिमीटरांहून अधिक लांबते किंवा आंखडते. ती दोन्हीं टोंकांस घट्ट जखडली तर उन्हाळ्यांत फुगून वर उचलली जाईल, किंवा थंडींत स्क्रू ओढील. म्हणून स्क्रूंचीं छिद्रें लांबट ठेवावीं, एकाच टोंकाला ती पक्की करावी, बाकीचे स्क्रू नुसते टेकतील इतपतच आवळावे, आणि लांब पट्टीऐवजीं मधें फट सोडून दोन तुकडे वापरावे. स्क्रूंचीं डोकीं पट्टीच्या पृष्ठभागाखालीं बुडालेलीं असावींत. नाहींतर पहिल्याच खेपेस कार्बाइड तीं डोकीं तासून काढील.

मधल्या वाटेवर पट्ट्याला खिळे नसतील तर जाड रबराची अरुंद चटई उत्तम. तबेल्यांत घोड्यांखालीं घालतात तसलें रबर किंवा कारखान्यांतील जुन्या वाहक पट्ट्याचा तुकडा ह्या कामीं पुष्कळ लोक वापरतात. खिळे असतील तर मात्र रबराचेंही आयुष्य थोडें असतें. तेथें मुख्य तळावर प्लायवुडचा एक स्वतंत्र तुकडा नुसता स्क्रूंनीं बसवावा, व फाटला कीं बदलावा. ह्या तुकड्याखालीं बारीक ठोकळ्या देऊन हवा खेळण्यास जागा ठेवली, तर पाणी खालीं अडकत नाहीं.

सर्वांत अधिक मार बसतो तो चढणीच्या फळ्यावर. तेथें गाडीचा भार तिरका येतो, पट्टा घसरण्याचा संभव असतो, आणि फळ्याच्या बिजागरीजवळच्या फटींत पाणी सांचतें. म्हणून तळाची तपासणी नेहमीं तेथूनच सुरू करावी. चालकाच्या हातीं तर सर्वांत स्वस्त उपाय आहे. तो म्हणजे संथपणा. पायऱ्यांवर मारतात त्याप्रमाणें बूट आपटून स्कींवरचा व पट्ट्यावरचा बर्फ आधींच झाडावा. ट्रेलर सपाट जागीं व मोटारीस जोडलेला असावा. आणि गाडी एकाच मंद गतीनें वर न्यावी. ती मध्येंच अडली तर जोर वाढवूं नये, मागें उतरवून पुन्हां यावें. जोर वाढविला म्हणजे गाडी चढत नाहीं, तळ मात्र खरवडला जातो. आणि ती एकदम पुढें उसळली तर समोरच्या भिंतीवर आदळते. बंदिस्त ट्रेलरांत यंत्र चालू ठेवून रेंगाळूं नये हें निराळें सांगावयास नको. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायु प्राणघातक आहे.

राहिला पाण्याचा बंदोबस्त. तळाच्या कापलेल्या कडांना दोन-तीन वेळां रंग पाजावा. प्रत्येक स्क्रूच्या व बोल्टाच्या छिद्रांत लवचीक सीलंट भरून मगच तो बसवावा. ट्रेलर उभा करतांना पुढचें टोंक किंचित् वर ठेवावें, म्हणजे पाणी दाराकडे वाहून जाईल. तळासाठीं औषध पाजलेलें लांकूड वापरण्याकडेही लोकांचा कल असतो. त्यांत एक मेख आहे. संयुक्त संस्थानांत २००३ सालच्या अखेरीपर्यंत घरगुती वापराच्या लांकडांत आर्सेनिकयुक्त औषध असे; तें मागें पडून त्या जागीं तांब्याचें प्रमाण अधिक असलेलीं औषधें आलीं. अशा ओल्या लांकडाचा अॅल्युमिनियमच्या सांगाड्याशीं प्रत्यक्ष स्पर्श झाला, तर तांब्यामुळें अॅल्युमिनियम लवकर खाल्लें जातें. म्हणून त्या दोहोंमध्यें रबराचा किंवा प्लॅस्टिकचा पडदा घालावा, अथवा साधें बाह्य उपयोगाचें प्लायवुड घेऊन तें नीट रंगवावें.

ह्या सर्वांचा कळस म्हणजे वसंतांतला एक दिवस. गाडी उतरविल्यावर चटया उचलून उन्हांत टाकाव्या, साऱ्या तळावर गोडें पाणी मारून मीठ धुवून काढावें, आणि दारें व झरोके उघडे ठेवून तळ पूर्ण सुकूं द्यावा. मग एक आरी घेऊन बोल्टांभोंवतीं, बिजागरीपाशीं आणि कोंपऱ्यांत हलकेंच टोंचून पाहावें. चांगल्या लांकडांत आरी अडते; कुजलेल्यांत ती लोण्यासारखी जाते. मऊ भाग सांपडला तर त्यावर लेप देऊन तो झांकूं नये. तेवढा तुकडा कापून नवा घालावा, आणि तो बोल्टाजवळ असेल तर खालून पोलादाची रुंद पट्टी देऊन भार विभागावा. चटया मात्र हिंवाळा येईपर्यंत परत अंथरूं नयेत.

एवढें सारें करण्यास फारसा खर्च नाहीं; चार पट्ट्या, एक चटई, थोडा रंग आणि वर्षांतून एक दुपार एवढीच त्याची किंमत. ती देण्यास लोक चुकतात तें कंजूषपणामुळें नव्हे. तळ हा पायाखालीं असतो, आणि पायाखालची वस्तु मोडेपर्यंत कोणास दिसत नाहीं, हेंच त्याचें कारण. रस्ता बंद होता म्हणून एका बापाला आपलें मूल रुग्णालयांत नेतां आलें नाहीं, आणि त्याच्या यत्नांतून पुढें जी गाडी जगास मिळाली, ती वाहून नेतांना रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणाच्या मुलाबाळांस इजा होऊं नये, एवढी काळजी तरी तिच्या धन्यानें घेतलीच पाहिजे.